४० अधिक ३९ बरोबर ४०३९

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. महादेवाचं देवस्थान आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा ही इथली ओळख. महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्हीकडचे भाविक इथे येतात. बाकीचं वर्ष धानाचं असतं. पऱ्हे टाकायचे, रोवणी, कापणी, मळणी, आणि मग कट्टे भरून खरेदी केंद्रावर न्यायचे.

समजा, इथल्या एका शेतकरी घरातला मुलगा कॉलेजात शिकतो आहे आणि त्याने पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली आहे. पुस्तकातल्या उदाहरणांचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने घरचंच काम घेतलं: धानाच्या कट्ट्यांची वजनं टाकायची आणि एकूण किती झालं ते काढायचं. सुरुवात दोन कट्ट्यांपासून केली. एकाचं वजन ४० किलो, दुसऱ्याचं ३९. संगणकाने उत्तर दिलं ४०३९.

आसपास विचारायला कोणी नाही. नागपुरात किंवा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा ओळखीतला एक दादा आहे. मुलगा मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतो: ‘‘भाऊ, बेरीज चुकीची येऊन राहिली. काहून?’’

मुलगा मी उदाहरणासाठी उभा केला आहे, पण प्रश्न अगदी खरा आहे. पायथॉन नव्याने शिकणारे असंख्य जण याच जागी अडखळतात. म्हणून या एकाच प्रश्नाचा धागा धरून, उत्तर देणाऱ्याने काय काय करायचं असतं ते सावकाश बघू. नवशिक्याशी चांगलं वागणं म्हणजे गोड बोलणं, एवढाच अर्थ आपण घेतो. मला ते अपुरं वाटतं. गोड बोलून निरुपयोगी उत्तर देणारे पुष्कळ असतात. चांगलं वागणं हे एक काम आहे, त्याला क्रम आहे आणि ते शिकता येतं.

आधी त्या मुलाने काय लिहिलं होतं ते पाहू. कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, तीन ओळींचा आहे. पहिल्या ओळीत ‘इनपुट’ ही आज्ञा वापरून त्याने पहिल्या कट्ट्याचं वजन विचारलं आणि ते ‘पहिला’ या नावाने ठेवलं. दुसऱ्या ओळीत तसंच दुसऱ्या कट्ट्याचं, ‘दुसरा’ या नावाने. तिसऱ्या ओळीत ‘प्रिंट’ म्हणून ‘पहिला अधिक दुसरा’. आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात, पण ठेवलेल्या वस्तूंची नावं देवनागरीत चालतात. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण ‘वजन’ या नावाचा अर्थ त्याला वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही.

आता चूक कुठे आहे? जाणकाराला ती फोटो उघडताच दिसते. ‘इनपुट’ने घेतलेली कोणतीही गोष्ट पायथॉन मजकूर म्हणून घेतो. ४० म्हणजे त्याच्या लेखी चार आणि शून्य ही दोन अक्षरं. आणि दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की तो त्यांना एकापुढे एक जोडतो. म्हणून ४० पुढे ३९, म्हणजे ४०३९. संगणकाने सांगितलेलं काम चोख केलं आहे.

हे दोन सेकंदांत दिसणं हीच दादाची अडचण आहे. त्याच्या हातून आता दोनपैकी एक उत्तर जाण्याची शक्यता जास्त. एक, ‘‘अरे, डेटा टाइप आधी वाच ना.’’ दुसरं, ‘‘दोन्हीला इंट लाव.’’ पहिल्या उत्तराने मुलाला एवढंच कळतं की आपण विचारायला नको होतं. दुसऱ्या उत्तराने आजचं काम होतं, पण इंट म्हणजे काय, ते का लावायचं आणि कुठे लावायचं, यातलं काहीच त्याच्याकडे राहत नाही. उद्या तिसऱ्या कट्ट्याचं वजन ३९.५ किलो निघालं की तो पुन्हा तिथेच.

जाणकाराला दुसऱ्याचं न कळणं दिसत नाही, याचा एक सुंदर प्रयोग आहे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना प्रसिद्ध गाण्यांचे ठेके टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितले आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. एकूण १२० ठेके वाजवले गेले आणि त्यांतले फक्त ३ ओळखले गेले. वाजवणाऱ्यांचा आधीचा अंदाज मात्र होता की निम्मे तरी ओळखले जातील. कारण वाजवताना त्यांच्या डोक्यात सूर चालू होते, शब्द चालू होते. समोरच्याला फक्त टकटक ऐकू येत होती. घरी कुणालाही समोर बसवून ‘जन गण मन’चा ठेका वाजवून बघा, अनुभव येईल. ‘‘इंट लाव’’ ही दादाने वाजवलेली टकटक आहे.

म्हणून पहिली पायरी उत्तराची नाही, विचारपूस करण्याची आहे. प्रतापगडच्या यात्रेत पहिल्यांदा आलेल्या माणसाने वाट विचारली, तर सांगणारा आधी तो आत्ता कुठे उभा आहे आणि त्याला कुठे जायचं आहे हे बघतो, मग हात दाखवतो. इथेही तेच करायचं. तुला काय करायचं होतं? तू काय टाइप केलंस, जसंच्या तसं? काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं? आणि चौथा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: तुझ्या मते असं का झालं असेल?

या चौथ्या प्रश्नाचं मोल फार मोठं आहे. मुलगा म्हणू शकतो, ‘‘मला वाटते, अधिकचं चिन्ह वेगळं टाकावं लागत असेल.’’ किंवा, ‘‘संगणकच खराब असेल.’’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, पण त्यांना लागणारी मदत वेगवेगळी आहे. पहिल्याने निदान बरोबर ठिकाणी बोट ठेवलं आहे. चिन्ह काय करतं हा प्रश्न त्याला पडलाच आहे. दुसऱ्याला अजून हेच ठाऊक नाही की संगणक सांगितल्याबाहेर काही करत नाही. नवशिक्याचा अंदाज ऐकल्याशिवाय दिलेलं उत्तर अंधारात फेकल्यासारखं जातं.

फोटोबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तिरका फोटो, अर्धी कापलेली ओळ, उजेडाची चकाकी हे सगळं ठरलेलं. नवशिक्याला यातलं महत्त्वाचं काय हेच कळत नसतं, म्हणून तो जे दिसलं ते पाठवतो. ‘‘फोटो राहू दे, पण कार्यक्रमाचा मजकूर कॉपी करूनही पाठव, म्हणजे मी माझ्याकडे चालवून बघतो’’ असं म्हटलं की पुढच्या वेळी तो आपोआप मजकूर पाठवतो. कारण सांगितलं की सवय लागते. नुसता नियम सांगितला की रागावल्यासारखं वाटतं.

आता दुसरी पायरी. दादाला उत्तर माहीत आहे, पण ते मुलाला स्वतः दिसेल असा छोटा प्रयोग सुचवायचा आहे. या ठिकाणी सगळ्यात चांगला प्रयोग हा: ‘‘तोच कार्यक्रम परत चालव. वजन विचारलं की ४० ऐवजी धान टाइप कर, आणि दुसऱ्या वेळी कट्टा. काय येते ते सांग.’’

उत्तर येतं धानकट्टा.

हा क्षण महत्त्वाचा आहे. तीन ओळींपैकी एकही अक्षर न बदलता मुलाला दिसलं की कार्यक्रम कधीच बेरीज करत नव्हता, तो जोडत होता. बहुतेक वेळा इथे मुलगा स्वतःच लिहितो, ‘‘म्हणजे तो आकड्यालाही शब्दच समजून राहिला.’’ हे वाक्य दादाने लिहिलं असतं तर मुलगा ते वाचून पुढे गेला असता. स्वतः लिहिलं म्हणून ते त्याचं झालं. मग ‘टाइप’ नावाची आज्ञा दाखवायची. ‘पहिला’ कोणत्या जातीची वस्तू आहे हे ती सांगते. ती ‘स्ट्र’ असं उत्तर देते, म्हणजे स्ट्रिंग, अक्षरांची माळ. याच्यापुढे ‘इंट’चा परिचय दोन वाक्यांत होतो: आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं घेऊन ही आज्ञा पूर्णांक तयार करून देते.

इथे थांबायचं. कार्यक्रम दुरुस्त करून पाठवायचा नाही. शेवटचं पाऊल त्याचं त्याने टाकायचं आहे.

आणि तो पाऊल टाकतो ते चुकीचं. तिसऱ्या ओळीच्या आधी तो दोन नव्या ओळी घालतो, ‘इंट’ आणि कंसात ‘पहिला’, ‘इंट’ आणि कंसात ‘दुसरा’. चालवतो. पुन्हा ४०३९. ‘‘भाऊ, इंट लावून पण तेच येते.’’

मदत करणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. पहिल्या प्रश्नाला सगळेच शांतपणे उत्तर देतात. दुसऱ्यांदा तेच उत्तर आलं की आवाज चढतो, ‘सांगितलं होतं ना’ तोंडात येतं. पण ही दुसरी चूक पहिलीपेक्षा कितीतरी हुशार आहे. मुलाने ‘इंट’ समजून घेतलं, योग्य वस्तूंना लावलं, योग्य जागी लावलं. त्याची समजूत एवढीच चुकली की ‘इंट’ लावल्याने ‘पहिला’ हाच बदलून पूर्णांक होईल. प्रत्यक्षात ‘इंट’ ‘पहिला’ला हात लावत नाही. ती एक नवीन संख्या तयार करून पुढे करते. ती कुणी ठेवून घेतली नाही तर तिथेच नाहीशी होते. ठेवून घ्यायची असेल तर बरोबरचं चिन्ह वापरून नाव द्यावं लागतं: ‘पहिला बरोबर इंट कंसात पहिला’.

शाळेत शिकलेलं ‘बरोबर’ इथे आड येतं. गणितात ‘क बरोबर क अधिक १’ असं लिहिलं तर बाईंनी लाल शाईने खोडलं असतं. प्रोग्रॅमिंगमध्ये ते रोज लिहिलं जातं, कारण तिथे त्या चिन्हाचा अर्थ ‘उजवीकडचं आधी काढ आणि डावीकडच्या नावाने ठेव’ असा आहे. दादाने हे दहा वर्षांपूर्वी पचवलं आणि पचवल्याचं विसरला. मुलाची चूक पाहून त्याला ते पुन्हा आठवायला हवं. मग तोच छोट्या प्रयोगाचा मार्ग: ‘‘इंट लावल्यानंतरच्या ओळीत परत टाइप विचार. पहिला अजून काय आहे ते बघ.’’ उत्तर येतं, अजूनही स्ट्र. आता मुलगा स्वतःच शोधू लागतो, आणि थोड्या वेळाने ७९ येतं.

इथवर संगणकाने एकदाही लाल अक्षरांत तक्रार केली नाही, हे लक्षात घ्या. कार्यक्रम चालत होता, उत्तर चुकत होतं. खरी घबराट पुढे होते. वडील शेजारी बसून वजनं टाकतात आणि सवयीने ‘४० किलो’ असं टाइप करतात. किंवा तिसऱ्या कट्ट्याचं वजन ३९.५ असतं. संगणक चार-पाच ओळी इंग्रजी ओततो आणि थांबतो. मराठी माध्यमाच्या मुलाच्या दृष्टीने हे दुहेरी संकट आहे, कारण न समजणाऱ्या गोष्टीबद्दल न समजणाऱ्या भाषेत तक्रार आली आहे. तो ती वाचतच नाही. फोटो काढतो आणि पाठवतो.

त्याला ती वाचायला शिकवणं ही एका माणसाने दुसऱ्याला करायची सगळ्यात टिकाऊ मदत आहे. पायथॉनची तक्रार खालून वाचायची. पहिल्याच ओळीत तसं सांगितलेलंही असतं, की सगळ्यात शेवटी घडलेली गोष्ट शेवटी लिहिली आहे. म्हणून आधी शेवटची ओळ. तिथे दोन भाग असतात. आधी चूक कोणत्या प्रकारची ते, मग अपूर्णविराम, मग कारण. आपल्या बाबतीत प्रकार आहे व्हॅल्यूएरर, म्हणजे दिलेली किंमत चालत नाही. कारण म्हणून लिहिलं आहे, इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट विथ बेस टेन, आणि पुढे अवतरणात ३९.५. याचं मराठी असं: दहाच्या पायातला पूर्णांक बनवायला हे लिखाण चालत नाही. आणि नेमकं काय चाललं नाही ते अवतरणात उद्धृत केलं आहे. त्याच्या वरच्या ओळींमध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक. बस, एवढंच.

दादाने हे एकदा फोनवर बसून, एकेक शब्द वाचून घेत करायचं. अवतरणातलं ३९.५ मुलाला दिसलं की तो म्हणतो, ‘‘हा पूर्णांक नाही ना.’’ मग अपूर्णांकासाठी ‘फ्लोट’ आहे हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ‘४० किलो’च्या वेळी अवतरणात अख्खं ‘४० किलो’ दिसतं आणि वडिलांना काय सांगायचं हे त्याला समजतं.

इथे देवनागरी आकड्यांची एक गंमत आहे आणि ती नवशिक्याला उपयोगाची आहे. वजन विचारल्यावर त्याने मराठी कळफलकाने ४० असं देवनागरीत टाइप केलं, तरी ‘इंट’ ते बिनतक्रार घेते आणि बरोबर संख्या बनवते. ‘फ्लोट’ही घेते. पण कार्यक्रमाच्या आत, आज्ञा लिहिताना, तोच आकडा देवनागरीत लिहिला तर पायथॉन अडतो आणि हे चिन्ह चालत नाही म्हणतो. वापरणाऱ्याने दिलेलं लिखाण आणि भाषेचं स्वतःचं व्याकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि हे एखाद्या मराठी मुलानेच विचारलेलं असतं. इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकाला तो प्रश्न सुचलाही नसता.

तक्रारीच्या भाषेबद्दल आणखी थोडं. यंत्रालाही नवशिक्याशी नीट बोलायला शिकवावं लागलं आहे. पूर्वी एखाद्या ओळीत कंस बंद करायचा राहिला, तर पायथॉन बहुतेकदा पुढच्या ओळीकडे बोट दाखवायचा आणि रचना चुकली एवढंच म्हणायचा. नवशिका त्या पुढच्या, पूर्णपणे निर्दोष ओळीकडे तासभर बघत बसायचा. जाणकाराला अनुभवाने माहीत असायचं की एक ओळ वर बघायचं. ही गोष्ट वर्षानुवर्षं तोंडी सांगितली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून पायथॉन उघडा राहिलेला कंस दाखवून तो कधी बंदच झाला नाही असं सांगू लागला. एखादं नाव लिहिताना अक्षर चुकलं तर ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का’ असंही तो विचारू लागला. चूक करणाऱ्यांची संख्या तेवढीच राहिली, पण अनेकांचा तो तास वाचला. ज्यांनी हे बदल केले त्यांनी अडखळण्याची जागा शोधून तिथे पाटी लावली. ‘लोकांनी नीट वाचायला हवं’ यावर ते थांबले असते तर पाटी लागली नसती.

अडखळण्याच्या जागा शोधायची एक शिस्तशीर पद्धत आपल्या महाराष्ट्रातच विकसित झाली आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याला केंद्र सरकारच्या, माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण देण्यासाठीच्या राष्ट्रीय मिशनचं पाठबळ मिळालं. पायथॉन, सी, जावा, लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब अशा मुक्त सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे पाठ. स्क्रीनवर काम चाललेलं दिसतं आणि सोबत आवाज समजावत जातो. पडद्यावरचं इंग्रजीच राहतं, आवाज मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. ‘प्रिंट’ला मराठी शब्द शोधण्यात वेळ घालवायचा नाही, कारण मुलाला तोच शब्द टाइप करायचा आहे. पण ‘का’ आणि ‘म्हणून’ ही विचाराची वाक्यं मात्र त्याच्या भाषेत यायला हवीत.

हे पाठ कसे घडतात ते बघण्यासारखं आहे. आधी संहिता लिहिली जाते, दोन रकान्यांत. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात त्या वेळी काय बोललं जाईल. विषयातला जाणकार ती तपासतो. आणि रेकॉर्डिंगच्या आधी ती एका नवशिक्याकडे जाते, ज्याला ते सॉफ्टवेअर येत नाही. त्याने संहिता वाचत स्वतः सगळं करून पाहायचं. तो कुठे अडला तर संहिता दुरुस्त होते. जाणकाराची तपासणी आणि नवशिक्याची तपासणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि एक दुसरीची जागा घेत नाही. न्यूटनबाईंच्या प्रयोगातला टेबल वाजवणारा माणूस स्वतःची टकटक तपासू शकत नाही. त्याला ऐकणारा लागतो.

शिकणाऱ्यांच्या शंकांसाठीही त्यांनी एक साधी सोय केली आहे. शंका कोणत्या पाठातल्या कितव्या मिनिटाच्या कितव्या सेकंदाच्या आसपास आली, हे शंकेसोबत नोंदवता येतं. ‘पाठ समजला नाही’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘चौथ्या मिनिटाच्या विसाव्या सेकंदाला तुम्ही कंस टाकला तो का’ याला देता येतं. शब्द न सापडणाऱ्या मुलालाही घड्याळ वाचता येतं. प्रश्न नेमका विचारण्याचं ओझं सगळं नवशिक्यावर न टाकता व्यवस्थेने त्यातलं थोडं उचललं आहे. फोनवर मदत करणाऱ्या दादालाही हे करता येईल: ‘‘कितव्या ओळीपर्यंत समजलं? त्याच्या पुढची ओळ मला वाचून दाखव.’’

प्रकल्पाची आणखी एक शिफारस घरी उपयोगी पडते. पाठ पडद्याच्या एका बाजूला आणि ते सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडून, ऐकायचं, थांबवायचं, तेच करायचं, पुढे जायचं. नुसतं बघून ‘समजलं’ वाटणं फसवं असतं. आणि पाठ उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही बघता येतात, हे नेटवर्क जात-येत असणाऱ्या गावांसाठी कमी मोलाचं नाही.

सगळ्याच प्रश्नांसाठी मात्र ही प्रयोगांची वाट धरायची नसते. काही अडथळ्यांमधून शिकण्यासारखं काही नसतं. विंडोजवर पायथॉन बसवताना पहिल्याच चौकटीत खाली एक छोटी टिकमार्कची जागा असते, पायथॉन ‘पाथ’मध्ये घालायची. ती राहिली की नंतर आज्ञा टाइप केल्यावर संगणक म्हणतो, असं काही माझ्याकडे नाही. इथे ‘तुला काय वाटतं’ विचारणं म्हणजे छळ आहे. सरळ सांगावं: काढून परत बसव आणि या वेळी त्या चौकटीत टिक कर. परवा प्रात्यक्षिक परीक्षा असेल तरी सरळ उत्तर द्यावं आणि कारण परीक्षेनंतर समजवावं. कुठला अडथळा शिकवणारा आहे आणि कुठला नुसता आडवा आलेला आहे, हे ओळखणं मदत करणाऱ्याचं काम आहे.

धीर देताना ‘सोपं आहे रे’ म्हणू नये. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सोपी गोष्ट जमली नाही असा हिशेब ऐकणाऱ्याच्या मनात होतो. ‘इथे सुरुवातीला बहुतेक जण अडतात’ हे खरंही आहे आणि त्याने धीरही येतो. स्वतःला उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि शोधताना त्याला सोबत घ्यावं. मदतपुस्तिका कुठे उघडली, कोणता शब्द शोधला, कोणतं उत्तर का सोडून दिलं, हे बघायला मिळणं त्याच्यासाठी पाठाइतकंच आहे. आणि वेळ नसेल तर ‘आज जमत नाही, रविवारी संध्याकाळी बोलू’ एवढं तरी लिहावं. निळ्या खुणा दिसून उत्तर न येणं नवशिक्याला ‘तुझा प्रश्न मूर्ख होता’ असं वाचता येतं. मग तो पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि बऱ्याचदा तिथेच शिकणं सोडतो.

आता उत्तरं देणारी यंत्रंही आली आहेत. प्रतापगडचा मुलगा तीन ओळी एखाद्या चॅटबॉटला देऊ शकतो आणि दुरुस्त कार्यक्रम, अपूर्णांकासकट, तत्काळ मिळवू शकतो. त्यात वाईट काही नाही. पण ‘दोन्हीला इंट लाव’ या उत्तराचंच ते लांबलचक रूप ठरण्याचा धोका आहे. मुलगा ‘मला उत्तर देऊ नको, मी कुठे चुकलो ते मला शोधता येईल असा प्रयोग सुचव’ असं विचारायला शिकला तर तेच यंत्र वेगळ्या उपयोगाचं ठरतं. तसं विचारावं हे त्याला कुणीतरी माणसाने दाखवलेलं असावं लागतं.

चार-सहा आठवड्यांनी मुलाचे संदेश बदललेले दिसतात. फोटोऐवजी मजकूर येतो. काय हवं होतं, काय आलं, आणि ‘मला वाटते की यादीचा क्रमांक शून्यापासून मोजते म्हणून शेवटचा कट्टा सुटून राहिला, बरोबर आहे का?’ असा स्वतःचा अंदाज. या टप्प्यावर दादाने एक गोष्ट त्याच्याकडून मागून घ्यावी. दादाने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेली एखादी माहिती, समजा यादी म्हणजे काय हे सांगणारं एक पान, त्याला द्यावं आणि म्हणावं, ‘‘हे वाचत वाचत करून बघ. जिथे थांबावं लागलं तिथे खूण कर. तुला येत असलेलं सोडून देऊ नको, महिन्यापूर्वी तुला काय कळलं नसतं तेही लिही.’’ त्याला ते अजून आठवतं. दादाला आता आठवत नाही. ज्या ओळींवर खुणा येतील त्या ओळी दादाने पुन्हा लिहायच्या, आणि मग ते पान पुढच्या मुलाला पाठवायचं.